उघड्या डोंगराच्या पोटातले रान

एप्रिलच्या अखेरीस सह्याद्रीतल्या एखाद्या जळलेल्या उतारावरून चालताना राखेतून वर आलेले, वीतभर उंचीचे, कोवळ्या पानांचे एखादे झुडूप दिसते. पाहणाऱ्याला ते ऐनाचे नवे रोप वाटते. पण भोवतालची मूठभर माती बाजूला केली, तर खाली मनगटाएवढा जाड, गाठाळलेला बुंधा हाताला लागतो. हे रोप नसते, कित्येक वर्षांचे झाड असते. दर उन्हाळ्यात वणवा त्याचा शेंडा जाळतो, पावसाळ्यात ते मुळांत साठवलेल्या अन्नाच्या बळावर पुन्हा धुमारा काढते, हिवाळ्यात शेळी किंवा कोयता तो धुमारा नेतो आणि पुढच्या वर्षी हेच सारे नव्याने घडते. ज्याला आपण उजाड डोंगर म्हणतो, त्याच्या पोटात अनेकदा असे एक जमिनीखालचे रान जिवंत असते. मूळचे जंगल परत आणण्याचे काम समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या झुडपापासून करावी लागते.

जंगल परत आणणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खड्डे, रोपे आणि वृक्षारोपणाचा कार्यक्रम येतो. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते, आणि अशा मोहिमांमागची तळमळ खरी असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु लावलेल्या रोपांची संख्या आणि परत आलेले जंगल ही दोन वेगवेगळी मोजमापे आहेत. जंगल म्हणजे उंच झाडे, त्यांच्या सावलीत वाढणारी मधल्या उंचीची झाडे, झुडपे, वेली, पालापाचोळ्याचा थर, त्या थरातल्या बुरशी आणि किडे, बिया नेणारे पक्षी व प्राणी, आणि या सगळ्यांचे वर्षानुवर्षांचे परस्परांशी जडलेले व्यवहार. हे व्यवहार आपल्याला लावता येत नाहीत. ते पुन्हा सुरू होतील अशी परिस्थिती मात्र निर्माण करता येते. म्हणून लागवड हे या कामातले पहिले पाऊल नसून, इतर सर्व उपाय करून झाल्यावर जेथे उणीव उरते तेथे वापरायचे साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्ड्यांसाठी यंत्राने उतार साफ करताना वर सांगितलेले बुंधे उपटले गेले, तर पन्नास वर्षांचे झाड काढून एक वर्षाचे रोप लावल्यासारखे होते.

पहिला प्रश्न असा विचारायला हवा की, या जागेवर मुळात कोणते रान होते? सह्याद्रीत या प्रश्नाचे उत्तर थोड्या अंतरावर बदलते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून पूर्वेकडे वाईला पोहोचेपर्यंत तो हजार मिलिमीटरच्याही आत येतो. महाबळेश्वर किंवा भीमाशंकरच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, पारजांभूळ यांचे दाट, बहुतांशी सदाहरित रान असते. कोकणाच्या उतारांवर ऐन, किंजळ, नाना, कुंभा अशी पानगळीची व निमसदाहरित झाडे येतात. तर पूर्वेकडच्या कोरड्या टेकड्यांवर सालई, धावडा, खैर, मेडशिंगी यांचे विरळ, खुरटे रान असते. तिन्ही रानांना 'देशी जंगल' म्हणता येते, पण एका ठिकाणची झाडे दुसरीकडे नेऊन लावली, तर ती देशी असूनही परकीच ठरतात. महाबळेश्वरची अंजनी वाईजवळच्या टेकडीवर टँकरचे पाणी घालून जगवता येईल. तिचे जंगल होणार नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांत जवळचा पुरावा बहुधा गावाच्या देवराईत मिळतो. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हापासून या राया त्या त्या परिसराच्या मूळ वनस्पतींचा जिवंत नमुना म्हणून पाहिल्या जाऊ लागल्या. देवाच्या धाकाने जेथे कुऱ्हाड चालली नाही, तेथे शेजारच्या उघड्या उतारावर पूर्वी काय असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि पुढे बियाही तेथूनच मिळतात. मात्र देवराई अनेकदा पाण्याच्या जागी, ओहोळाच्या उगमाशी असते. म्हणून तिथली सगळीच झाडे वरच्या कोरड्या सोंडेवर येतील असे मानू नये. देवराईखेरीज ओढ्याकाठचे वाचलेले पट्टे, कड्यांच्या बेचक्यांत उरलेली झाडे, जांभूळवाडी, पळसदरी यांसारखी गावांची नावे आणि गुरे राखत वाढलेल्या वयस्क माणसांच्या आठवणी हीही माहितीची चांगली साधने आहेत.

येथेच एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक मोकळी जमीन म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. कासच्या पठारासारखे जांभ्याचे सडे निसर्गतःच वृक्षहीन आहेत. तेथे मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्या पातळ थरावर पावसाळ्यातल्या चार महिन्यांत आपले आयुष्य उरकणाऱ्या वनस्पतींचे वेगळेच जग नांदते. सोलापूर-अहिल्यानगरकडची माळरानेही अशीच स्वतंत्र परिसंस्था आहेत. माळढोक, धाविक, लांडगा, खोकड हे प्राणी त्या गवतावर अवलंबून असतात. अशा ठिकाणी खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे एक अधिवास मोडून तेथे दुसरा उभा करण्याचा फसणारा प्रयत्न असतो. सड्यावर आणि माळावर झाडे लावू नयेत, हा नियम मला लागवडीच्या इतर सर्व नियमांहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातली चूक चांगल्या हेतूने आणि मोठ्या प्रमाणावर होत आली आहे.

जागा खरोखरच जंगलाची असेल, तर दुसरा प्रश्न येतो: रान आपणहून का परत येत नाही? सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी याचे उत्तर वणवा, चराई आणि तोड या तीन गोष्टींत असते, आणि त्यांतही वणवा पहिला.

आपल्याकडच्या डोंगरांवर फेब्रुवारी ते मे या काळात लागणारे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. जुने गवत जाळले की नवे जोमाने फुटते या समजुतीने, मध काढताना, वाट मोकळी करताना किंवा टाकून दिलेल्या विडीमुळे आग सुरू होते. नवे गवत हिरवेगार दिसते हे खरे. पण दरवर्षी जळणाऱ्या उतारावर पालापाचोळा साठत नाही, माती उघडी पडते, पहिल्या वळवाच्या पावसात ती वाहून जाते आणि जनावरांना आवडणाऱ्या मऊ गवताची जागा हळूहळू कुसळी गवत घेते. म्हणजे ज्या चाऱ्यासाठी आग लावली, तोच चारा काही वर्षांत निकस होतो. झाडांच्या बाबतीत आग एक निवड करत जाते. ऐन, कुंभा, पळस यांसारखी जाड सालीची किंवा मुळांतून फुटणारी झाडे तग धरतात, तर अंजनी, पिसा यांच्यासारख्या पातळ सालीच्या झाडांची रोपे एकाच आगीत संपतात. वीस-पंचवीस वर्षे सतत जळलेल्या डोंगरावर म्हणूनच चार-पाच जातींचीच झाडे विखुरलेली दिसतात.

वणवा रोखण्याचे साधन जुने आणि साधे आहे. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की, साधारण जानेवारीच्या अखेरीपर्यंत, वाटांच्या कडेने आणि डोंगराच्या धारेने ३ ते ६ मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून किंवा दव असताना काळजीपूर्वक जाळून मोकळा करायचा. यालाच जाळरेषा म्हणतात. तिच्यापर्यंत आलेल्या आगीला पुढे जाण्यासाठी खाद्य मिळत नाही. पण रेषा काढून घरी बसणे पुरेसे नसते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी डोंगराकडे नजर ठेवणारी, धूर दिसताच हिरव्या फांद्या घेऊन धावणारी पाच-दहा माणसे गावात असावी लागतात. जंगल पुनरुज्जीवनाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात रोपांसाठी रक्कम असते आणि या माणसांच्या मजुरीसाठी नसते, ही मोठी त्रुटी आहे.

चराई आणि तोड यांचा संबंध लोकांच्या पोटाशी आहे, म्हणून त्यांवर बंदीचा फलक लावून भागत नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द महाराष्ट्राला राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे परिचित झाले, आणि तेथे ती बंदी टिकली ती गावाने स्वतः ठरवल्यामुळे. डोंगर एकदम सगळा बंद न करता त्याचे भाग पाडून एक भाग चार-पाच वर्षे राखायचा, तेथले गवत कापून न्यायला मुभा द्यायची, आणि झाडे जनावरांच्या तोंडाच्या वर गेल्यावर दुसरा भाग राखायला घ्यायचा, ही पद्धत सर्वांना परवडते. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याकरिता, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर फांद्या पसरून जाळण्याकरिता, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. तेथे सगळ्या फांद्या न खुडता शेंडा आणि वरचा तिसरा भाग राखला, तरी झाड फुलते, फळते आणि बी देते.

आग आणि चराई थांबल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांतच जमिनीखालचे रान वर येऊ लागते. एका जुन्या बुंध्यातून दहा-पंधरा धुमारे फुटतात आणि ते एकमेकांशी भांडत झुडूपच राहतात. अशा वेळी जमिनीलगत फुटलेला, सरळ आणि निरोगी असा एक किंवा दोन धुमारे राखून बाकीचे धारदार कोयत्याने कापले, तर मुरलेल्या मुळांचे सगळे बळ त्यांना मिळते आणि ते कोणत्याही लावलेल्या रोपापेक्षा वेगाने वाढतात. त्यांना ना खड्डा लागतो, ना उन्हाळ्याचे पाणी. आपोआप आलेल्या लहान रोपांभोवतीचे गवत पावसाळ्यात दोनदा दाबून किंवा कापून टाकले, की त्यांनाही हात मिळतो. निसर्गाच्या पुनर्निर्मितीला हातभार लावण्याची ही पद्धत जगभर मान्य आहे आणि लागवडीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तिच्यात फोटो काढण्यासारखे फारसे काही नसते, हे तिच्या उपेक्षेचे एक कारण असावे.

या टप्प्यावर अनेक जण एक घाई करतात: 'झाडोरा साफ' करतात. करवंदीची जाळी, धायटी, मुरुडशेंग, तोरण ही काटेरी किंवा दाट झुडपे त्यांना अडगळ वाटतात. वास्तविक करवंदीची जाळी म्हणजे उघड्या डोंगरावरची बालवाडी आहे. तिच्या काट्यांमुळे शेळीचे तोंड आत जात नाही, आत ओल टिकते, मे महिन्याचे ऊन थेट लागत नाही, आणि करवंदे खायला आलेला बुलबुल विष्ठेतून इतर फळांच्या बिया तेथे टाकून जातो. काही वर्षांनी त्या जाळीच्या मधून जांभळाचा किंवा हिरड्याचा शेंडा वर आलेला दिसतो. रान असेच पावलापावलाने येते: आधी ऊन सोसणारी झुडपे व चांदाड्यासारखी भराभर वाढणारी झाडे, त्यांच्या सावलीत मग सावली मागणारी, सावकाश वाढणारी झाडे. हा क्रम ओलांडून उघड्या उतारावर थेट अंजनी लावली, तर पहिल्याच उन्हाळ्यात ती करपते.

बिया कोण आणते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कुडा, सावर, किंजळ यांच्या हलक्या बिया वाऱ्यावर येतात. उंबर, नांद्रुक, करवंद यांची बारीक बी बुलबुल, तांबट, हरियाल आणि वटवाघळे दूरवर नेतात; म्हणून मोकळ्या उतारावर मधूनमधून उंबर किंवा पांगारा उभा केला, तर तो पक्ष्यांचा थांबा होतो आणि त्याच्याखाली आपोआप रोपवाटिका तयार होते. मोठ्या बियांची गोष्ट वेगळी आहे. रानजायफळासारखे फळ बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. ते धनेश गिळतो. भेरली माडाची फळे उदमांजर खाते. ज्या परिसरातून धनेश गेला, तेथे त्याने वाहिलेली झाडे आपणहून परत येण्याची शक्यता फार थोडी असते, आणि जवळपास बी देणारे जुने रानच उरले नसेल तर कितीही वाट पाहिली तरी काही जातींच्या बाबतीत ती व्यर्थ ठरते. माणसाने रोप लावण्याची खरी गरज येथे आहे.

तमिळनाडूतल्या अण्णामलाई डोंगरांत, वालपराईच्या चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे शास्त्रज्ञ दोन दशकांहून अधिक काळ असे काम करत आहेत. तेथे तण काढून अनेक स्थानिक जातींची मिश्र रोपे लावलेल्या जागा आणि नुसत्या राखून ठेवलेल्या जागा यांची तुलना केली असता, झाडांच्या जातींची विविधता आणि वरच्या फांद्या-पानांच्या छताची दाटी लावलेल्या जागी अधिक आढळली. म्हणजे 'राखा आणि थांबा' हा उपायही सर्वत्र पुरेसा नाही. मुळे शिल्लक आहेत की नाहीत, बी येण्याइतके रान जवळ आहे की नाही, आणि तणांनी जमीन व्यापली आहे की नाही, हे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

लागवड करायचीच, तर ती बियांपासून समजून घ्यावी. जांभूळ, पारजांभूळ यांसारख्या ओलसर रानातल्या अनेक झाडांचे बी वाळवून ठेवता येत नाही. फळ पिकल्यावर काही दिवसांतच ते मातीत गेले पाहिजे. त्यामुळे रोपवाटिका जंगलाच्या पंचांगाप्रमाणे चालवावी लागते. बी एकाच सोयीच्या झाडाखालून गोळा केले, तर सगळी रोपे एकाच आईची भावंडे होतात आणि पुढच्या पिढ्यांत वंशाची विविधता उरत नाही. म्हणून त्याच परिसरातल्या जितक्या जास्त झाडांखालून वेचता येईल तितके चांगले. पिशवीत फार काळ ठेवलेल्या रोपाचे मूळ तळाशी गुंडाळत जाते आणि तसेच लावले, तर काही वर्षांनी झाड वाऱ्यात कोलमडते. खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवावेत, पहिला दमदार पाऊस होऊन जमीन भिजली की लगेच, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या सुरुवातीला लावावे, आणि ऑक्टोबरमध्ये बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे. ऑगस्टअखेर लावलेल्या रोपाला मूळ धरायला वेळ मिळत नाही. बियांचे गोळे करून डोंगरावर फेकणे लोकप्रिय झाले आहे; परंतु त्यांतून उगवलेली फार थोडी रोपे पहिला उन्हाळा पाहतात, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. जपानचे अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी अतिदाट लागवड शहरातल्या लहान भूखंडावर सावली देण्यासाठी उपयोगी आहे, पण तिचा खर्च आणि पाण्याची गरज पाहता डोंगरच्या डोंगर त्या पद्धतीने करण्याचा विचार सोडून द्यावा.

आता आगंतुक वनस्पतींविषयी. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या झुडपांनी आपल्याकडच्या जंगलांच्या कडा आणि मोकळ्या जागा व्यापल्या आहेत. घाणेरी नुसती वरून तोडली किंवा जाळली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी विकसित केलेली पद्धत अशी की, झुडपाचे मुख्य मूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कापायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही आणि मातीही फारशी उकरली जात नाही. हे काम फळे धरण्याआधी करावे. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत किंवा झुडपे आली नाहीत, तर पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून घाणेरीच पुन्हा येते, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे तेथे फेरी मारून नवी रोपे उपटावी लागतात. शिवाय सगळी घाणेरी एका हंगामात काढू नये. दुसरा आडोसा उभा राहीपर्यंत लहान पक्षी आणि प्राणी तिच्यातच राहत असतात.

गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची गोष्ट अधिक वेदनादायक आहे, कारण ती आपण स्वतः लावली. भराभर वाढतात, गुरे फारशी तोंड लावत नाहीत, डोंगर लवकर हिरवा दिसतो, या कारणांनी पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प आणि कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर आली. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प उत्तमच आहे. पण डोंगरावर त्याची एकसुरी दाटी झाली, की तिच्याखाली दुसरे फारसे काही वाढत नाही आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांना तेथे येण्याचे कारण उरत नाही. ही झाडे एकदम तोडली तर माती उघडी पडते. म्हणून त्यांच्या सावलीचाच उपयोग करून, दरवर्षी थोडी विरळणी करत मधल्या जागेत स्थानिक रोपे वाढवायची आणि बुंध्यांना फुटणारे धुमारे न कंटाळता काढत राहायचे, हा मार्ग हळू असला तरी सुरक्षित आहे.

राखण्याच्या काळात नीटनेटकेपणाचा मोह टाळावा. वठलेले झाड उभे असू द्यावे, कारण त्याच्या ढोलीत तांबट, पिंगळा, धनेश घरटे करतात. पडलेला ओंडका कुजू द्यावा, कारण त्यातून माती बनते. वेलींना सरसकट झाडांचे शत्रू समजून तोडू नये. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते आणि फांद्या-वेलींच्या वाटेनेच एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. ती वाट तुटली की त्याचे रान तुटले.

या सगळ्याला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि तेवढा काळ जमीन कोणाच्या हातात आहे हा प्रश्न शास्त्राइतकाच निर्णायक ठरतो. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. अनेक मालक ते दर काही वर्षांनी लाकडाच्या ठेकेदाराला विकतात, कारण घरातल्या लग्नाला, आजारपणाला रोख पैसा तेथूनच येतो. त्या शेतकऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात जमीनमालकांशी करार करून, जंगल न तोडण्याचा मोबदला देण्याचा मार्ग अवलंबला आहे, आणि मला तो न्याय्य वाटतो. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्यातून उत्पन्न मिळते, म्हणून तेथे हिरड्याचे झाड कोणी सहसा तोडत नाही. सरकारी वनजमिनीवर २००६ च्या वन हक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती असला, की वणवा विझवायला धावणाऱ्या माणसाला आपण आपलेच काही वाचवत आहोत हे ठाऊक असते.

काम योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे तपासायला महागडी साधने लागत नाहीत. उतारावर दहा-बारा ठिकाणी १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौकोन आखावेत, त्यांच्या कोपऱ्यांवर दगड रोवावेत आणि दरवर्षी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्यांतली गुडघ्याएवढी आणि त्याहून उंच झाडे जातीनुसार मोजून वहीत लिहावीत. जगलेल्या रोपांची टक्केवारी या वहीत असेलच, पण ज्या रकान्याकडे सर्वांत आधी पाहावे तो वेगळा आहे: कोणीही न लावलेल्या जातींचा. पहिली काही वर्षे तो जवळजवळ रिकामा असतो. मग एखाद्या वर्षी उंबराखालच्या चौकोनात, ज्याचे झाड जवळच्या देवराईतच आहे अशा पिशाचे एक रोप सापडते.